ताटाजवळ कोण बसणार?

गोंदिया जिल्ह्यात एखादं लेकरू वाळायला लागलं की घरची माणसं एका ठरलेल्या वाटेनं चालू लागतात. आधी जंताची गोळी, मग रक्त, मग सिकलसेल, मग छातीचा एक्स-रे. मधेच आजी म्हणते नजर लागली, शेजारीण पुजाऱ्याचं नाव सांगते. यातल्या तपासण्या चुकीच्या नाहीत. सिकलसेल आपल्याकडे आहे, टीबी आहे, लहान वयातला मधुमेह आणि थायरॉईडही वजन उतरवतात. ते सगळं आधी पाहिलंच पाहिजे. पण रिपोर्ट साफ आले, भूक वाढवणाऱ्या औषधाच्या चार बाटल्या संपल्या, घरात धानाची कोठी भरलेली आहे आणि नववीतल्या मुलीचं वजन मागच्या दिवाळीपेक्षा आठ किलोनं कमी भरतंय, तर पुढं काय? हा लेख त्या घरासाठी आहे.

अशा वेळी ज्याचा विचार आपल्याकडे सगळ्यात शेवटी होतो तो आजार म्हणजे ॲनोरेक्सिया नर्व्होसा, खाण्याचा विकार. मोठ्या शहरातल्या, आरशासमोर उभ्या राहणाऱ्या मुलींना होतो तो, असा एक समज आहे आणि खेड्यात तो महागात पडतो. १९९५ साली दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी अशा पाच तरुण मुलींची माहिती प्रसिद्ध केली. जेवण टाकलेलं, उलट्या, खूप उतरलेलं वजन, थांबलेली पाळी, सगळं होतं. स्वतःच्या शरीराबद्दलची पुस्तकात लिहिलेली चुकीची प्रतिमा मात्र त्यांच्यात दिसली नाही. म्हणून 'मला जाडं व्हायचं नाही' हे वाक्य मुलीच्या तोंडून ऐकू येण्याची वाट पाहू नका. आपल्याकडची मुलगी म्हणेल, पोट फुगतं. घास उतरत नाही. मळमळते. किंवा म्हणेल, आज माझा उपवास आहे.

उपवासाकडे जरा नीट पाहायला हवं. डोंगरगडची बमलेश्वरी गोंदियाहून रेल्वेच्या वाटेवर, नवरात्रात गाड्या भरून जातात, आणि मुलीनं नऊ दिवस धरले तर घरात कौतुकच होतं. दसऱ्याला सगळ्यांचा उपवास सुटतो. एकीचा सुटत नाही. मग सोमवार येतो, चतुर्थी येते, मग भात बंद, तेल बंद. देवीचा यात काही दोष नाही. आजाराला आड लपायला एक मान्य कारण मिळालं, एवढंच. मुलांच्या बाबतीत तेच काम पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे पाच किलोमीटर धावणारा, पोळी मोजून खाणारा पोरगा सगळ्यांना शिस्तीचा वाटतो. हा विकार मुलांनाही होतो आणि त्यांच्यात तो उशिरा ओळखला जातो.

आणखी काही खुणा घरातच दिसतात. मुलगी सगळ्यांना आग्रहानं वाढते आणि स्वतः 'मी नंतर' म्हणते. ताट घेऊन अंगणात जाते आणि कोंबड्यांचं पोट भरतं. जेवण झालं की लगेच मोरीत. उन्हाळ्यातही ढगळ, अंगभर कपडे. केस गळतात, हातपाय गार पडतात, दंडावर बारीक लव येते. आणि स्वभाव बदलतो: शहाणी, अबोल पोर ताटावरून अशी भांडते की घरच्यांना ओळखू येत नाही.

पुढचं सगळं वाचण्याआधी एक गोष्ट. काही मुलांना घरी जेवू घालण्याची वेळ टळून गेलेली असते, त्यांना थेट दवाखान्यात न्यायचं असतं. दिवसा जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली, रक्तदाब ९०/४५ च्या खाली, अंग गार म्हणजे तापमान ९६ फॅरनहाइटच्याही खाली, उभं राहताच चक्कर किंवा नाडी एकदम वीसहून अधिक वाढणं, बेशुद्ध होणं, पाणीसुद्धा नाकारणं, जीव देण्याचं बोलणं, यातलं एकही दिसलं तर थांबू नका. ज्या मुलानं चार-पाच दिवस जवळजवळ काहीच खाल्लेलं नाही किंवा ज्याचं वजन झपाट्यानं घसरलंय, त्याला घरी एकदम भरपेट जेवण देणंही धोक्याचं असतं. उपाशी शरीरात अचानक अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम कोसळतं आणि हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलं. अशा मुलाचं पहिल्या आठवड्यातलं खाणं डॉक्टरांच्या नजरेखालीच वाढवायचं.

यापलीकडची, म्हणजे चालती-बोलती, नाडी ठीक असलेली मुलं घरीच बरी होऊ शकतात. किंबहुना घरीच जास्त चांगली होतात. घरच्यांनीच जेवू घालून बरं करण्याच्या या पद्धतीला कुटुंबाधारित थेरपी म्हणतात.

तिची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती ऐकली की आई-बापाच्या मनावरचं ओझं थोडं उतरतं. १८७३ च्या सुमाराला लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी या आजाराला आजचं नाव दिलं आणि त्याच वेळी असंही मत नोंदवलं की रुग्णाची देखभाल करायला नातेवाईक सगळ्यात वाईट. पुढची शंभर वर्षं डॉक्टरांनी तेच मानलं. मुलगी जेवत नाही म्हणजे आईनं काहीतरी बिघडवलं, तिला घरापासून तोडा. लंडनच्याच मॉड्स्ली रुग्णालयात क्रिस्टोफर डेअर, आयव्हन आयस्लर आणि त्यांच्या सोबत्यांनी हे उलटं केलं. त्यांनी कारण शोधणं बाजूला ठेवलं आणि आई-बापांना सांगितलं, तुम्हीच तिला जेवू घाला, आम्ही पाठीशी आहोत. १९८७ साली त्यांनी ८० रुग्णांवरचा अभ्यास छापला. ज्यांचा आजार लहान वयात सुरू झाला होता आणि तीन वर्षांहून कमी काळ चालला होता, त्यांना कुटुंबासोबतच्या उपचाराचा फायदा स्पष्ट दिसला. अमेरिकेत जेम्स लॉक आणि डॅनियल ल ग्रांज यांनी २००१ साली त्याचं हातपुस्तक लिहिलं. २०१० साली त्यांनी १२ ते १८ वयाच्या १२१ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभराचे उपचार संपून आणखी एक वर्ष झालं तेव्हा कुटुंबासोबत उपचार घेतलेल्यांपैकी ४९ टक्के पूर्ण बरी होती, एकट्यानं समुपदेशन घेतलेल्यांपैकी २३ टक्के. म्हणजे ही जादू नाही. पण लहान वयात याहून चांगलं काही अजून हातात नाही, आणि इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शिकेतही २०१७ पासून मुलांसाठी हाच पहिला उपाय आहे.

'तीन वर्षांच्या आत' हे मात्र लक्षात ठेवा. 'दहावी होऊ दे मग पाहू' हे आपल्याकडचं आवडतं वाक्य या आजारात चालत नाही.

आता प्रत्यक्ष काम. थेरपीचे तीन टप्पे आहेत आणि पहिला सगळ्यात अवघड. त्यात मुलीच्या खाण्याचे सगळे निर्णय आई-बाप आपल्या हातात घेतात: काय, किती, कधी. तिला विचारायचं नाही, तिच्याशी घासाघीस करायची नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला असं पाच वर्षांच्या मुलीसारखं वागवणं क्रूर वाटतं, पण मलेरियाच्या तापात गोळी घ्यायची की नाही हे आपण तिला विचारत नाही ना? इथं गोळी म्हणजे ताट. खरी गोळी नाहीच. ॲनोरेक्सियात वजन परत आणून देईल असं खात्रीचं औषध आजवर सापडलेलं नाही. भूक वाढवणारी सिरपं तर निरुपयोगीच, कारण तिला भूक लागते. खाता येत नाही, हा आजार आहे.

आधी जेवण आणि मग बाकीचं, हा क्रम का, ते एका जुन्या प्रयोगातून कळतं. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशानं उतरलं. निरोगी मनाची ती माणसं दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, ताट चाटू लागली, चिडचिडी झाली, एकटी राहू लागली. उपाशी मेंदूला समजावून काही उपयोग नसतो. म्हणून 'तुला झालं तरी काय, सांग ना' हा प्रश्न वजन वर येईपर्यंत बाजूला ठेवायचा.

ताटात काय असावं? घरात सगळे जेवतात तेच, पण जास्त आणि दाट. दिवसातून तीन जेवणं आणि मधे दोन-तीन वेळा खाणं. अशा मुलीला बरं होताना दिवसाला अडीच ते तीन हजार कॅलरी, कधी त्याहून जास्त लागतात. रोवणीला जाणाऱ्या बाईच्या जेवणाएवढं समजा. आजारी माणसाला पेज किंवा पातळ मुगाचं वरण देण्याची आपली सवय इथं सोडावी लागते, कारण पेजेत निम्म्याहून जास्त पाणी. तिचं पोट लवकर फुगतं, म्हणून कमी जागेत जास्त ताकद हवी. भातावर तूप, तुरीचं घट्ट वरण, जवसाची चटणी तेलात कालवून, शेंगदाण्याचा लाडू, साय न काढलेलं दूध, अंडी, तलावातले मासे. अर्ध्या वाटीवर भांडण करण्यापेक्षा तिच्या पोळीला तूप लावा. जेवायला अर्धा ते पाऊण तास, खाण्याला पंधरा-वीस मिनिटं. संपल्यावर तासभर कोणीतरी सोबत राहायचं, मोरीकडे एकटं जाऊ द्यायचं नाही. बोलायला विषय हवा. सीरियल, धानाचा भाव, शाळेतल्या कुचाळक्या, काहीही. अन्न सोडून.

थेरपीच्या दुसऱ्या भेटीला कुटुंबानं डबा घेऊन यायचं असतं आणि थेरपिस्टसमोर सगळ्यांनी जेवायचं असतं. आजार जिथं 'बस' म्हणतो त्याच्यापुढं एक घास, एवढंच त्या दिवशी साधायचं असतं. त्या एका घासासाठी कधी दीड तास लागतो. घरीही मोजमाप तेच ठेवा.

बोलण्याबद्दल थोडं अधिक लिहितो, कारण आपल्याकडे प्रेम रागावण्यातून आणि आर्जवातून व्यक्त होतं आणि इथं दोन्ही फसतात. 'खाय ना वो माय, दोन घास तरी' असं आजी विनवते तेव्हा ती आजाराच्या पाया पडत असते, आणि दोन घासांवर सौदा होतो. बाप ताट आपटतो तेव्हा आजाराला उठून जायला कारण मिळतं. त्यापेक्षा सपाट आवाजात, पुन्हा पुन्हा, तेच वाक्य: 'हे तुझं औषध आहे. तुला जड जातंय हे मला दिसतंय. मी इथंच बसली आहे.' मुलगी आणि आजार यांना वेगळं ठेवा. ओरडते ती आजाराच्या तोंडानं, हे मनात पक्कं असलं की तिच्यावर राग धरला जात नाही. आपल्या भागात 'अंगात येणं' सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे हे समजावणं इथं सोपं जातं. फक्त उतरवायला पुजारी नको, जेवण हवं. आणि बरी होऊ लागली की पाहुण्यांना आधीच ताकीद द्या. 'चेहरा भरला हो', 'आता तब्येत दिसते' हे कौतुक तिच्या कानात 'जाडी झालीस' असं पोचतं. 'अशी वाळली तर लग्न कसं व्हायचं' हे तर कोणत्याच दिवशी नको.

पाश्चात्त्य देशांतल्या पालकांची मोठी अडचण असते ती ताटाजवळ बसायला माणूस नसण्याची. आई-बाप दोघं नोकरीला, घरात तिसरं कोणी नाही. आमगाव, तिरोडा, सडक अर्जुनीकडच्या एकत्र घरांत माणसं आहेत. अडचण अशी की माणसं तितकी मतं. आई म्हणते पूर्ण ताट, आजी म्हणते राहू दे लेकराला, मोठी आई परस्पर ताट उचलून नेते, काका मोबाइल देऊन गप्प करतो. आजार नेमका याच फटीतून निसटतो. पहिल्याच रात्री, मुलगी झोपल्यावर, सगळ्या मोठ्यांनी बसून ठरवा: किती वाढायचं हे कोण ठरवणार (शक्यतो आई आणि बाबा, एका तोंडानं), कोणत्या जेवणाला कोण बसणार, आणि बाकीच्यांनी काय बोलायचं नाही. आजी-आजोबांना थेरपिस्टकडे सोबत न्या. भावंडांना पहारेकरी करू नका. त्यांचं काम जेवणानंतर तिच्यासोबत लुडो खेळायचं, चुगली करायचं नाही. सासू-सुनेचं जुनं भांडण असेल तर ते वर्षभरासाठी बाजूला ठेवता येतं का पाहा. नाही आलं तर निदान ताटावरून नको.

हे वर्षाच्या कॅलेंडरमध्ये बसवावं लागतं. आषाढात परे उपटून रोवणी सुरू झाली की घरातल्या बाया सकाळीच बांधीत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मेमध्ये तेंदूपान. मजुरीवर घर चालत असेल तर 'तीन महिने एकानं घरी राहा' म्हणणं सोपं, करणं नाही. मग दुपारचं जेवण बांधीवर, सगळ्यांच्या शिदोरीसोबत होऊ द्या. तिला काम मात्र लावू नका. वजन कमी असताना रोवणी नाही, धावणं नाही, खेळाचा तासही नाही. शाळेत आठवीपर्यंत दुपारचं जेवण मिळतं. एका विश्वासू बाईंना ताटाजवळ बसायला सांगता येतं. जमत नसेल तर मधल्या सुट्टीत घरचं कोणी तरी डबा घेऊन जाईल. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे शाळा बुडाली तर बुडू द्या.

देवरी, सालेकसाकडच्या आश्रमशाळांत राहणाऱ्या मुलींची गोष्ट वेगळी. दीडशे ताटांत एक अर्धं ताट कोणाला दिसणार? सुट्टीला आली आणि हाडं दिसली तेव्हा घरच्यांना कळतं. अशी मुलगी उपचार होईपर्यंत घरीच ठेवावी लागेल, कारण या उपचाराचा मुख्य माणूस आई-बाप आहे, अधीक्षिका नाही. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मुख्याध्यापकांशी बोला, हजेरीचा प्रश्न त्यातून सुटू शकतो.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच वेळी, लघवीला जाऊन आल्यावर, हलक्या कपड्यांत. (खिशात दगड आणि पोटात दोन लिटर पाणी, या युक्त्या या मुली स्वतःहून शोधतात.) धानाच्या काट्यावर नको, प्राथमिक आरोग्य केंद्रात करा. आठवड्याला साधारण अर्धा किलो वाढ चांगली. दोन आठवडे काटा हलला नाही तर ताटात वाढ. किती वजन 'पुरेसं' हे डॉक्टर तिच्या लहानपणापासूनच्या वाढीवरून सांगतील. पाळी परत येणं ही त्यातली एक खूण.

दुसरा टप्पा वजन बऱ्यापैकी आल्यावर, तीन-चार महिन्यांनी किंवा अधिक काळानं येतो. एक-एक निर्णय तिला परत द्यायचा. आधी संध्याकाळचं खाणं ती निवडेल, मग शाळेचा डबा. घसरली तर न रागावता पुन्हा एक पायरी मागे. तिसऱ्या टप्प्यात अन्नाचं बोलणं जवळपास संपतं आणि वयाचं सुरू होतं: अभ्यास, मैत्रिणी, गोंदियाला कॉलेजला जाऊन राहायचं की रोज बसनं यायचं.

ही पद्धत सगळ्यांना लावायची नाही. घरात मुलीला मारहाण किंवा लैंगिक छळ होत असेल तर त्याच घराच्या हातात तिचं ताट देणं हा गुन्ह्याला हातभार होईल. तिथं आधी मुलीची सुरक्षितता, १०९८ चाइल्डलाइन. खाऊन उलटी काढणं हा मुख्य त्रास असेल तर उपचाराचं रूप थोडं बदलतं. रक्तातलं पोटॅशियम तपासा, आणि उलटीनंतर लगेच दात न घासता नुसत्या पाण्यानं चूळ भरायला सांगा. लहानपणापासून मोजकेच पदार्थ खाणारं, पोत किंवा वासाला घाबरणारं मूल हा आणखी वेगळा विकार. त्याला असं जबरीनं भरवू नका.

मदत कुठं? गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ पासून आहे. कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय, म्हणजे आपलं केटीएस, त्याला जोडलेलं आहे. आधी बालरोगतज्ज्ञ, सोबत मानसोपचारतज्ज्ञ, दोघंही. नागपूरला रेल्वेनं दोन-अडीच तासांत पोचता येतं आणि तिथं मेडिकल आहे, एम्स आहे. कुटुंबाधारित थेरपी शिकलेला माणूस जवळ मिळेलच असं नाही. तेव्हा स्पष्ट विचारा, 'आम्हाला सोबत बसवून जेवणाचं काम शिकवाल का?' आई-बापाला बाहेर बसवून मुलीशी एकटीशीच बोलणारं समुपदेशन या वयात पुरेसं नाही. कोविडच्या काळात ही थेरपी व्हिडिओवरूनही दिली गेली, त्यामुळे मुंबई-पुण्याचा थेरपिस्ट आणि गोंदियाचा डॉक्टर अशी जोडी जमू शकते. तपासणं आणि वजन इथं, शिकवणं तिथून. आरोग्य विमा असेल तर लक्षात ठेवा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांसारखेच धरणं बंधनकारक केलं आहे.

रात्री अकराला ताट भिंतीवर आदळलं आणि कोणाशी बोलावं सुचेना, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन करण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: मुलीचं आजचं वजन, सहा महिन्यांपूर्वीचं वजन, शेवटची पाळी कधी आली, आणि काल सकाळपासून रात्रीपर्यंत तिनं नेमकं काय खाल्लं. तोच कागद दुसऱ्या दिवशी केटीएसला सोबत न्या.